नऊ खणांची नाव

फार फार पूर्वी, एका राज्यात, माघ शुद्ध सप्तमीला, दिवस कासराभर वर आला असताना, राजधानीच्या बेटासमोर गोड्या पाण्याची नाव उलटली. धक्का तिथून साठ हातांवर होता. भरती संपली होती, ओहोटी लागायची होती. खाडी जागच्या जागी थांबली होती. वारा नव्हता. नावेत बावीस माणसं होती. त्यांतली नऊ काठाला लागली.

लहानांनो, मोठ्यांनो, एवढं नीट ध्यानात ठेवा. पुढे या गोष्टीत तुम्हांला कुणी वेगळं सांगेल.

त्या राज्याची राजधानी खाडीतल्या बेटावर होती. बेटावर सगळं होतं, फक्त गोडं पाणी नव्हतं. विहीर खणावी तर खारट लागायची. म्हणून रोज सकाळी पलीकडच्या डोंगरातल्या झऱ्याचं पाणी नावेतून यायचं. नावेच्या पोटातच पाणी भरायचं. त्या पोटात लांबीला आणि रुंदीला फळ्या बसवून नऊ खण केलेले होते, आणि प्रत्येक खणाला वेगळं झाकण होतं.

नावेचं सुकाणू बुधाजी तांडेलाकडे होतं. पाणी भरायचं काम त्याच्या बायकोकडे, पोशीबायकडे. तिच्या आईने तेच केलं, आजीनेही तेच केलं. भरण्याची रीत अशी की, खण भरत आला की पाण्यावर आंब्याचं पान ठेवायचं आणि वरून झाकण दाबायचं. झाकण उचलल्यावर पान झाकणाला चिकटून आलं तर खण गच्च भरला. पान पाण्यावरच तरंगत राहिलं तर अजून ओता. बेटावर गेल्यावरही एक खण तळापर्यंत रिता झाल्याशिवाय दुसऱ्याचं झाकण उघडायचं नाही.

"भरलेला चालेल, रिता चालेल," पोशीबाय नव्या वल्हेकऱ्यांना बजावायची, "अर्धा मला चालायचा नाही."

"का गं काकी?"

"भरलेल्या खणात पाण्याला हलायला जागा नाही. रित्या खणात हलायला पाणी नाही. अर्ध्यात दोन्ही आहे, बाबा."

आता त्या राज्यात आणखी एक प्रथा होती. राज्याभिषेकाच्या वाढदिवशी, पहिली घागर लोकांना देण्याआधी, राजा नावेतल्या पाण्यात स्वतःचं तोंड पाहायचा. जुना राजा धक्क्यावरून वाकायचा, एक झाकण उचलायला लावायचा, पाण्यात बघायचा, "अजून मीच आहे," असं हसून म्हणायचा आणि बाजूला व्हायचा. तेवढ्यात घागरी सुरू व्हायच्या.

नवा राजा गादीवर आला. त्याचा मुकुट रुंद होता. त्याच्या डोक्यावर छत्र असायचं, दोन्ही बाजूंना चवऱ्या ढाळणारे असायचे. पहिल्या वर्षी तो वाकला तेव्हा त्याला एका खणात आपला कान दिसला, दुसऱ्यात नाक, आणि छत्र तर कुठेच दिसेना.

"आम्ही तुकड्यांत का दिसतो?" राजाने विचारलं.

हा प्रश्न त्याने सहज विचारला होता. पण राजाने सहज विचारलेला प्रश्न प्रधानाच्या घरी पोचेपर्यंत हुकूम होतो. दुसऱ्या वर्षाचा सोहळा तीन आठवड्यांवर असताना हुकूम निघाला: नावेतल्या सगळ्या फळ्या काढाव्यात, पोटात पाण्याचं एकच सलग तळं असावं. आणि हिंदकळून महाराजांच्या जोड्यांवर पाणी उडू नये म्हणून ते तळं अर्धंच भरावं.

पोशीबायने हे ऐकलं तेव्हा ती जेवत होती. ती ताटावरून उठली.

"अहो, तुम्ही काय म्हणालात त्यांना?"

"काय म्हणणार?" बुधाजी म्हणाला. "हुकूम आहे."

बुधाजी माणूस चांगला होता, हात त्याचा सोन्याचा होता, पण त्याच्या तोंडाला 'नाही' हा शब्द कधी शिवला नव्हता. गिऱ्हाइकाला नाही म्हटलं नाही, सरकारला नाही म्हटलं नाही, बायकोलाही नाही म्हटलं नाही. त्यामुळे घरात त्याने दिलेला शब्द आणि बाहेर दिलेला शब्द यांची रोज हाणामारी व्हायची.

"तुम्ही नाही म्हणा."

"मी नाही म्हटलं तर सुकाणू दुसऱ्याच्या हातात जाईल, पोशे. ही नाव कशी वळते ते त्याला कळायचं नाही. माझ्या हातात असली तर निदान सांभाळून नेईन."

"अर्धं पाणी कुणाच्या हाताने सांभाळलं जात नाही."

"मग तू सांगून बघ," तो म्हणाला.

ती गेली. एक घागर, एक मोठी परात आणि डोक्यावर पदर एवढ्यानिशी ती दरबारात उभी राहिली. दरबारात चाळीस माणसं होती. प्रधान पुढे होता.

"बाई, आपलं म्हणणं काय?" प्रधानाने विचारलं. "आम्ही वजन कमी केलं. अर्धं पाणी म्हणजे अर्धा भार, आणि अर्धा भार म्हणजे अर्धा धोका. हा हिशेब पोरालाही समजेल."

"पोराला समजेल, पण पाण्याला समजायचा नाही, प्रधानजी," पोशीबाय म्हणाली. "दाखवते."

तिने घागर काठोकाठ भरली, झाकण घट्ट बसवलं, डोक्यावर ठेवली आणि दरबाराच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेली, परत आली. थेंब सांडला नाही. मग तिने परातीत चार बोटं पाणी ओतलं.

"आता हे कुणी न्या. प्रधानजी, तुम्हीच न्या."

प्रधान नेईना. राजाचा एक पहिलवान मिशीला पीळ देत पुढे आला. त्याने परात दोन्ही हातांनी उचलली. पहिलं पाऊल ठीक पडलं. दुसऱ्याला पाणी डावीकडे गेलं. त्याने परात उजवीकडे उचलली, तर पाणी उजवीकडे धावलं. तो जितका सावरू लागला तितकं पाणी माजलं. सहाव्या पावलाला सगळं पाणी गालिचावर होतं आणि पहिलवान गुडघ्यांवर.

दरबार खदखदून हसला. राजाही हसला.

"ह्याच्या दंडात माझ्या दसपट जोर आहे, महाराज," पोशीबाय म्हणाली. "आणि परातीत घागरीच्या पावपटही पाणी नव्हतं. पाण्याला स्वतःचा आकार नाही. त्याला फक्त सपाट राहायचं असतं. भांडं डावीकडे कललं की ते सपाट व्हायला डावीकडे धावतं आणि आपलं वजनही सोबत नेतं. त्या वजनाने भांडं आणखी कलतं. मग आणखी पाणी धावतं. ज्या बाजूने सावरायला हवं, ती बाजू तेव्हा हलकी झालेली असते. फळ्या असल्या की पाणी आपापल्या खणात डचमळतं, पण नाव ओलांडून जात नाही."

राजाचं हसू थांबलं. त्याने प्रधानाकडे पाहिलं. प्रधानाने राजाकडे पाहिलं. दोघंही एकमेकांचा कल कुठे आहे ते शोधत होते. त्या क्षणी चाळिसांतल्या एकाने जरी "बाई बरोबर बोलते" म्हटलं असतं, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"नाव म्हणजे काही परात नव्हे, बाई," प्रधान म्हणाला.

"मग काय आहे?"

"नाव महाराजांची आहे."

कुणीतरी मागून "वा!" म्हटलं. लगेच शेजारचा "वा, वा!" म्हणाला. पाहता पाहता चाळीसही जण "वा!" म्हणाले. राजाला वाटलं, इतक्यांना पटलं म्हणजे खरंच असेल. हुकूम तसाच राहिला. गालिचा वाळत घातला गेला.

सोहळ्याच्या दिवशी पहाटे झऱ्याच्या घाटावर पोशीबायने पाणी भरलं. त्या दिवशी आंब्याचं पान नव्हतं, कशाला चिकटवायचं? झाकणंच नव्हती. नावेच्या पोटात गुडघाभर खोल एकच तळं पसरलं. कुणी नावेत पाय ठेवला की ते तळं एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत जाऊन परत यायचं. पोशीबाय ते जाणं-येणं मोजत राहिली. तिला बसवेना, उभं राहवेना.

नावेत दहा वल्हेकरी चढले, सहा वाजंत्री चढले, फुलांच्या परड्या घेऊन चार बायका चढल्या. बुधाजीने सुकाणू धरलं. पोशीबायही आत जाऊन बसली.

"तू कशाला?" बुधाजी म्हणाला. "तुझं काम झालं. उतर."

"तुम्ही उतरता?"

"नाही."

"मग मी पण नाही. आज पहिल्यांदा तुमच्या तोंडून हा शब्द ऐकला, तोही भलत्या ठिकाणी."

वल्हेकरी हसले. बुधाजीने सगळ्यांना बजावलं, "बाकांवर मधोमध बसा. काही झालं तरी उठायचं नाही. सनईवाले, तुम्हांलाही सांगतोय. बसून वाजवा."

"बसून काय, निजून वाजवू, तांडेल!" सनईवाला म्हणाला.

नाव निघाली. झोपलेल्या मुलाला कडेवरून खाली ठेवावं तशी बुधाजीने ती नेली. वल्ही हळू पडत होती. पोशीबायची नजर पाण्यावर होती. पाणी दोन बोटं डावीकडे चढायचं, दोन बोटं उजवीकडे. खाडी शांत होती. जे काही हलत होतं ते नावेच्या आत होतं.

बेट जवळ आलं. धक्क्यावर तोरणं दिसली, माणसं दिसली. मग छत्र दिसलं.

"महाराज!" फुलवाल्यांपैकी एक ओरडली.

राजा समोर उभा असताना बसून राहायचं नाही, ही त्या राज्यातल्या लोकांच्या हाडांत मुरलेली गोष्ट होती. सहाही वाजंत्री उठले. चारही बायका उठल्या. धक्का उजव्या हाताला होता, म्हणून सगळे उजव्या कडेला गेले आणि मुजऱ्याला वाकले.

"बसा!" बुधाजी ओरडला. "बसा रे!"

नाव जराशी कलली. एरवी एवढी ती रोज कलायची. पण पोशीबायने पाहिलं, पाणी निघालं. त्याने आवाजही केला नाही. अख्खं तळं डावीकडून उजवीकडे सरकलं आणि या वेळी ते परत आलं नाही. बुधाजीने सुकाणू छातीशी ओढलं. दोघे-तिघे घाबरून डाव्या कडेला धावले, पण तोवर उजवी कड पाण्याखाली गेली होती आणि बाहेरची खाडी आतल्या पाण्याला येऊन मिळाली होती.

धरायला एक फळीसुद्धा नव्हती.

पोशीबायच्या हाताला एक रिकामी घागर लागली. ती तिने पालथी धरली; आतल्या हवेने ती घागर आणि घागरीने तिला वर ठेवलं. पाय मारत ती बुधाजीला हाका मारत राहिली. बऱ्याच वेळाने उलटलेल्या नावेच्या तळावरून उत्तर आलं. बुधाजी तिथे होता, एका वल्हेकऱ्याला केसांना धरून. त्याच्या दुसऱ्या हातात आणखी एक जण होता, पण तो आता कुणाच्या हाकेला ओ देणार नव्हता.

तेरा माणसं गेली. सनईवाला गेला. फुलवाल्यांपैकी एकही वाचली नाही.

आठव्या दिवशी चौकशी बसली. चौकशीला प्रधानच बसला. राजा शेजारी होता. वाचलेल्या नऊ जणांत सात वल्हेकरी होते. त्यांना एकेक करून पुढे बोलावलं.

"वारा सुटला होता?" प्रधानाने पहिल्याला विचारलं.

पहिल्याने खाली पाहिलं. "सुटला असेल."

"वारा सुटला होता ना?" दुसऱ्याला विचारलं.

"सुटला होता."

तिसरा म्हणाला, "जोराचा होता." चौथा म्हणाला, "वल्हं धरवत नव्हतं." पाचव्याच्या साक्षीत छपरं उडाली, सहाव्याच्या साक्षीत झाडं पडली. सातवा आला तोवर त्या सकाळी इतकं मोठं तुफान झालेलं होतं की, त्यात धक्क्यावरचा राजा कसा उभा राहिला हेच नवल वाटावं.

पोशीबाय दाराशी उभी होती. तिची साक्ष घेतली नाही. तांडेलाची बायको तांडेलाच्याच बाजूने बोलणार, असं प्रधानाने ठरवून टाकलं. तिला एकाच गोष्टीची धास्ती होती. आठवा साक्षीदार तिचा नवरा होता.

प्रधान त्याच्याशी गोड बोलला. "बुधाजी, तुमच्या तीन पिढ्यांनी सुकाणू धरलं. नवी नाव बांधायला घेतली आहे. तिलाही जुनाच तांडेल हवा. वारा होता, एवढं सांगा. वाऱ्यापुढे कुणाचं काय चालतं? आणि वारा नव्हता म्हणाल, तर मग तुमचा हात चुकला असंच लिहावं लागेल. तेरा जिवांचं पाप तुमच्या हातावर."

सात जण एका बाजूला उभे होते. ते बुधाजीकडे पाहत होते. त्यांच्या डोळ्यांत विनवणी होती. दरबारातली चाळीस माणसंही त्याच बाजूला झुकून बसली होती. बुधाजीचे पाय हलले. पोशीबायला ते दिसलं. नावेतलं पाणी निघालेलंही तिने असंच पाहिलं होतं.

बुधाजीने दाराकडे पाहिलं. तिने मान हलवली नाही, डोळ्यांनी खुणावलं नाही. ती फक्त तिथेच उभी राहिली.

"वारा नव्हता," बुधाजी म्हणाला.

"काय?"

"वारा नव्हता, महाराज. धक्क्यावरचं निशाण काठीला चिकटून होतं. तुम्हीही तिथेच होता."

राजा मांडीवरच्या हातांकडे पाहू लागला.

"मग काय होतं?" प्रधान कडाडला.

"पाणी होतं."

"वारा नाही, तर खाडीला लाटही नसणार. मग कुठलं पाणी?"

"आतलं," बुधाजी म्हणाला. "आणि माझी चूक झाली, ती पण लिहा. हुकूम आला त्या दिवशी मी हो म्हटलं."

दोन्हींतलं काहीच लिहिलं गेलं नाही. निकाल असा लागला की, नाव वाऱ्याने उलटली, आणि तांडेल उद्धट आहे. वाऱ्याने उलटली म्हणजे तांडेल दोषी नव्हता, तरी सुकाणू त्याच्याकडून काढून घेतलं. बुधाजी आणि पोशीबाय डोंगराकडच्या काठावर राहायला गेले. नवी नाव होईपर्यंत बेटावरच्या लोकांनी होड्यांमधून घागरी-घागरींनी पाणी आणलं, आणि ज्यांच्याकडे होडी नव्हती त्यांनी खारट प्यायलं. तुफानाच्या साक्षी देणाऱ्या सातांना नव्या नावेवर काम मिळालं. त्यांतला सर्वांत तरुण वल्हेकरी एकदा झऱ्यावर पोशीबायला भेटला.

"काकी, तुम्ही रागावलात का?"

"तुझ्यावर नाही रे," ती म्हणाली. "तू अर्धा होतास. धावलास."

वर्षभराने नवी नाव झऱ्याला आली. पाणी भरायला आता दुसरी बाई होती. पोशीबाय काठावरून उतरली, कुणालाही न विचारता नावेत चढली आणि एक झाकण उचललं. मग दुसरं उचललं. मग तिने सगळी मोजली. सुतार तिथेच फटी बुजवत बसला होता.

"हे खण कुणी करायला सांगितले?" तिने विचारलं.

"करा म्हणाले."

"कोण म्हणाले?"

सुताराने कापसाची वात फटीत दाबली, वरून हातोडी मारली. "आवाज वरून आला, बाय. तोंड दिसलं नाही."

मुलांनो, मोठ्यांनो, बोध एवढाच: जागेवर बसलेल्या मोठ्या ओझ्यापेक्षा झुकत्या बाजूला धावणारं थोडकं ओझं अधिक जड असतं.

बाकी, जुनी नाव वाऱ्याने उलटली असेल तर नव्या नावेत नऊ खण कशासाठी बसवले, हे त्या दरबाराच्या दप्तरात कुठेही लिहिलेलं नाही.